बघायच्या जागेला काय म्हणतात

बोरी बुद्रुक, ता. जुन्नर
६ जानेवारी २०२५

अश्विनी,

पत्राच्या पहिल्या ओळीत काय काय लिहायचं असतं ते मला येतं, शाळेत शिकवलं होतं. पण आठ वर्षांनी लिहितोय, तेव्हा ते सगळं लिहायला हात धजेना. नुसतं नाव लिहिलं. नाव मीच ठेवलेलं आहे, तेवढ्याला तुझी हरकत नसावी.

काम निघालं म्हणून लिहितोय. उगाच लिहिलं असं समजू नकोस.

आपल्या बैलगाडा शर्यतीच्या घाटाचं काम चाललंय. मागच्या यात्रेला पुण्यामुंबईची माणसं कॅमेरे घेऊन लई आली. दोन गोरे पाहुणेही होते. गाडा जुंपून बारी सुटायच्या वेळी ही सगळी मंडळी धावपट्टीच्या कडेला आली आणि एका गाड्याचा बैल बुजला. कुणाला लागलं नाही, पण बारीचे सेकंद पुकारायचे सोडून मी माईकवर 'मागं सरा' म्हणून ओरडत सुटलो. या वर्षी परवानगीच्या कागदातच लिहून आलंय, की बघणाऱ्यांसाठी वेगळी जागा करा आणि तिथे मराठी व इंग्रजी अशी पाटी लावा. म्हणून घाटाच्या डाव्या अंगाचा बांध कापून सात पायऱ्या केल्या, वर पत्रा टाकला. जागा झाली, पण पाटीवर गाडं अडलं.

यात्रा कमिटीची सभा देवळात बसली. संपत पेंटर म्हणाला, "व्ह्यू पॉइंट लिहू. माळशेजला तसंच लिहिलंय."

"आरं, तिथं लोक धुकं बघाया जात्यात," सावळेराम म्हणाला. "हितं काय धुक्याची शर्यत लावलीय का?"

सुदर्शन आता कमिटीचा अध्यक्ष आहे. त्यानं 'गॅलरी' सुचवलं. सावळेरामनं तेही पाडलं. गॅलरी म्हणजे पुण्यात बायका कपडे वाळत घालतात ती, म्हणाला. मग त्यानं स्वतः 'स्टँड' सुचवलं. तो तीस वर्षं एसटीत कंडक्टर. त्याला सगळीकडे स्टँडच दिसणार म्हणून माणसं हसली.

तेवढ्यात माझ्या तोंडातून निघून गेलं, "माझी अश्विनी भोपाळला इंग्रजीची बाई आहे. मी तिला विचारतो."

बोलून गेलो खरा. आपलं कसं आहे ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. सुदर्शन खाली बघत म्हणाला, "इचारा की आण्णा. त्यात काय."

तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाही. संपत रोज सायकलवरून जाताना ओरडतो, "आण्णा, आला का शबुद?" चुकीचा शब्द लागला तर ते गोरे पाहुणे हसतील, गावाची शोभा होईल. आणि तुझ्याकडून उत्तरच आलं नाही तर माझी होईल.

तुझा पत्ता आईच्या ट्रंकेतल्या पाकिटावरून घेतला. पिनकोड दोनदा ताडून पाहिला. हे पत्र तिला माहीत नाही. दर गुरुवारी ती रेंज मिळावी म्हणून गच्चीवर जाते आणि तुझ्याशी बोलते, ते मला माहीत नाही असं तिला वाटतं. मी खालच्या पायरीवर बसलेला असतो. तूही तिला सांगू नकोस.

शब्द कळव. नाही सुचला तर पत्र पोचल्याचं कळव. तेही जमलं नाही तर राहू दे.

तुझे वडील,
चांगदेव


बोरी बुद्रुक
२७ जानेवारी २०२५

अश्विनी,

तुझं पत्र शुक्रवारी आलं. पोस्टमननं फाटकातूनच हाक दिली, "आण्णा, भोपाळ!" तुझी आई भाकऱ्या करत होती. मी पत्र शर्टाच्या आत घातलं आणि गोठ्यात जाऊन वाचलं. अकरा ओळी आहेत.

तू लिहितेस, इंग्रजीत बघायच्या जागेला एक शब्द नाही. कोण बघतं, काय बघतं आणि कसं बघतं त्यावर शब्द ठरतो. मला वाटलं होतं, तू एक शब्द लिहून पाठवशील आणि मी सुटेन. तू उलट मलाच प्रश्न घातलेस. तर उत्तरं देतो.

पायऱ्या सात. सगळ्यात वरची पायरी धावपट्टीपासून सव्वाबारा फूट. सावळेरामनं टेप धरला, मी वाचलं. लोक बसणार आहेत, पण आपली माणसं किती वेळ बसतील ते सांगता येत नाही. वर छप्पर आहे. समोर अख्खा घाट दिसतो. गाडा जुंपतात तिथपासून वरच्या निशाणापर्यंत, मधे झाड नाही. बघणारा स्वतः दिसतो का, असं तू विचारलंस. दिसतो. हा काय प्रश्न झाला ते मला कळलं नाही.

शेवटचा प्रश्न तू एका ओळीत लिहिलास. बायका कुठून बघणार?

हा आमच्या कुणाच्याच डोक्यात आला नव्हता. मी तो तसाच सभेत वाचला. तुझं नाव घेऊन वाचला. सुदर्शन म्हणाला, "आण्णा, आपल्यात बायका घाटात येत न्हाईत."

देवळाच्या कट्ट्यावर आपल्या शेजारची अंबाबाई वाती वळत बसली होती. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, पण आवाज बघ कसा. म्हणाली, "येत न्हाईत म्हंजी? माझ्या दावणीच्या बैलांनी बारा वरसं निशाण घेतलं. त्यास्नी पेंड कुणी चारली? आमी यायचं आन् तुमच्या पाठी बघून माघारी जायचं व्हय?"

"मावशे, तसं नव्हं..."

"मग कसं? चार पायऱ्या आमच्या. आन् खालच्या. तुमी उंच हायसा, तुमाला वरनं दिसतंय."

सावळेरामनं टाळी वाजवली. ठराव झाला. खालच्या चार बायकांच्या, वरच्या तीन बाकीच्यांच्या. हे तुझ्या एका ओळीनं झालं. गावात आता सगळे मला विचारतात, अश्विनीनं आणखी काय लिहिलंय.

तो प्रश्न तू का विचारलास ते मला कळतं. तू बारा वर्षांची होतीस. घाटाच्या वरल्या जांभळावर चढून बसली होतीस, आणि मी माईकवरून सगळ्या यात्रेला ऐकू जाईल असं म्हणालो होतो, चांगदेवच्या पोरीनं झाडावरून खाली उतरावं. लोक हसले. तू उतरलीस आणि घरापर्यंत मागे वळून पाहिलं नाहीस. मला तेव्हा वाटलं होतं, पडशील. पण पडशील असं काही मी माईकवर म्हणालो नव्हतो.

आणि लग्नाचं. तू संयमरावांशी ठरवलंस, मला मागाहून सांगितलंस. जैन घर, दुकानदाराचं घर, आपली माणसं काय म्हणतील, असं मी धरून बसलो. चार माणसांत बोलून गेलो, माझे पाय त्या मांडवाला लागणार नाहीत. तरी मी आलो असतो. पण त्या दिवशी मी घाटात होतो, माईकवर. नाव आधीच देऊन ठेवलेलं, माघार घेता येईना. एवढंच होतं ते, दुसरं काही नव्हतं.

शब्द लवकर कळव. संपतनं रंग आणून ठेवलाय, वाळून जाईल.

चांगदेव


बोरी बुद्रुक
१६ फेब्रुवारी २०२५

अश्विनी,

दोन पानं पाठवलीस. मी ती चारदा वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली.

'व्ह्यू पॉइंट' नाही हे पटलं. डोंगर, दरी, देखावा बघायचा तर तो. 'ऑब्झर्वेशन डेक' उंच इमारतीचा, आपल्या पत्र्याला तो पेलणार नाही. 'लुकआउट' मला फार आवडला. कुणी येतंय का याची वाट बघत नजर लावून बसायची जागा, असं तू लिहिलंस. मी संपतला म्हणालो, हाच घे. त्यानं ब्रशही भिजवला. मग तुझी पुढची ओळ वाचली, की घाटात लोक वाट बघायला नाही, शर्यत बघायला बसणार आहेत, म्हणून हा चालणार नाही. ब्रश धुवायला लावला. संपत म्हणाला, "आण्णा, टर्पेंटाइनचा डबा तुमच्या नावावं लिवतो आता."

'ग्रँडस्टँड' शर्यतीचा शब्द आहे म्हणतेस, पण जागा पाहिल्याशिवाय तू नक्की करणार नाहीस. बरोबर आहे. मास्तर माणसानं न बघता सही करू नये.

आणि सगळ्यात खाली तू 'हाइड' लिहिलास. पक्षी बघणारे लोक झाडोऱ्यात आडोसा करून बसतात. पक्षी दिसतात, माणूस दिसत नाही. पुढे लिहिलंस, हा शब्द तुमच्या पायऱ्यांना लागू नाही, तरी कळवून ठेवते.

त्याखाली एक ओळ. "आण्णा, त्या साली शर्यतींवर बंदी होती. तुम्ही कुठल्या घाटात होता?"

ही ओळ वाचून मी गव्हाणीच्या कडेवर बसलो. गाय माझं डोकं चाटत होती तरी मला कळलं नाही. बंदी होती. कोर्टाची. सात वर्षं एक गाडा सुटला नाही, माझा माईक माळ्यावर गोधडीत गुंडाळून ठेवला होता, आणि मी तुला माईकवर होतो म्हणून लिहून बसलो. या दोन तालुक्यांत एवढी खोटी गोष्ट दुसऱ्या कुणाला सुचली नसती. आधी लाज वाटली. मग कळलं, की तू आण्णा लिहिलंस. आधीच्या पत्रात नव्हतं. मी अकरा ओळींत शोधलं होतं.

तेव्हा आता खरं लिहितो. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, तुझ्या आईलाही नाही.

त्या दिवशी मी आळेफाट्याला जातो म्हणून निघालो आणि घोडेगावची एसटी धरली. मांडव मैदानात घातला होता. रस्त्याच्या पलीकडे शेतीअवजारांचं दुकान आहे, दोन मजली. मी मालकाला म्हणालो, पंपाचा पार्ट येणार आहे, तोवर वर बसू का. भला माणूस, त्यानं पाणीही दिलं. मी स्लॅबवर गेलो. तिथे काळी टाकी होती, तिच्यामागे उभा राहिलो. दहापासून दीडपर्यंत.

पाय मांडवाला लागले नाहीत. तेवढा माझा शब्द राहिला, असं मी मनात घोकत होतो.

मी सगळं पाहिलं. तू मांडवात येताना पायरीला अडखळलीस आणि हसलीस. सुमतीबाईंनी तुझं कोपर धरलं. विहीणबाई असून त्यांनी आईसारखं धरलं, ते मला वरून दिसलं. संयमरावांचा साफा दोनदा सरकला आणि त्यांच्या वडिलांनी, उत्तमचंद शेठनी, तो दोन्ही वेळा इतका घट्ट बसवला, की पोराचे डोळे बारीक झाले. मला हसू आलं. एकट्यालाच. तुझी आई जेवणाच्या पंगतीत उभी होती, हातात वाढायचं भांडं तसंच. मग लोक उठले, गर्दी झाली आणि तू दिसेनाशी झालीस. मी खाली उतरलो. मालक म्हणाला, पार्ट आला का? मी म्हणालो, आला.

म्हणजे 'हाइड' मला लागू आहे. पायऱ्यांना नसला तरी.

हे वाचून तुला राग आला तर शब्द मात्र पाठव. तो गावाचा आहे.

चांगदेव


बोरी बुद्रुक
९ मार्च २०२५

अश्विनी,

पाकीट जाड होतं म्हणून पोस्टमननं ते माझ्या हातात न देता तुझ्या आईच्या हातात दिलं. मी विहिरीवर होतो. आलो तेव्हा ती ओट्यावर बसलेली, मांडीवर फोटो, आणि हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मी घाबरलो. मला वाटलं काही तरी झालं.

"बसा," ती म्हणाली. "आन् ह्यो कोण ते सांगा."

तुझ्या लग्नाचा फोटो. तू आणि संयमराव पुढे, हार घातलेले. मागे मांडवाची कड, रस्ता, दुकान. दुकानाच्या स्लॅबवर काळी टाकी. टाकीच्या बाजूला गुलाबी फेटा.

फेटा अगदी स्वच्छ दिसतो. तुरा सुद्धा दिसतो.

"लपाया गेल्यालं मानूस गुलाबी फेटा बांदून जातंय व्हय?" तुझी आई म्हणाली.

"तुला ठाऊक होतं?"

"मी पंगतीतनं बघत व्हते की. भांडं घिऊन उभी ऱ्हायले ती कशापायी? म्या म्हणलं, उतरंल आत्ता, उतरंल. वाढपी म्हणाला, काकू, जिलबी वाढा. म्या म्हणलं, थांब रं बाबा, वर एक पावणा उपाशी हाय."

आठ वर्षं ती माझ्याबरोबर त्याच चुलीपुढे जेवली आणि एक अक्षर बोलली नाही. मी विचारलं का नाही बोललीस. म्हणाली, तुमचं तुमाला सांगाया पायजे व्हतं.

फोटोच्या मागे तू लिहिलंस, "हा भोपाळच्या घरात भिंतीवर आहे. आमची छोटी संस्कृती विचारते, वर कोण आहे. मी सांगते, माझे आण्णा, ते लग्नाला आले होते. तुम्ही कधी सांगाल याची वाट बघत होते."

फेट्याचं सांगतो. मुलीच्या लग्नात बाप फेटा बांधतो. मी सकाळी बांधला. जाणार नव्हतो, तरी बांधला. मग काढवेना. एसटीत लोक विचारत होते, पावणं, कुणाचं लगीन? मी सांगत होतो, घरचंच आहे.

फोटो आता देव्हाऱ्याशेजारी लावलाय. गावातली माणसं येऊन बघून जातात. सावळेरामनं भिंग आणलं होतं. सुदर्शन म्हणाला, "आण्णा, तुमी वर हुबं राहून बारीचं सेकंद सांगताय जणू." अंबाबाईनं मात्र फोटो हातात घेतला, पदरानं पुसला आणि ठेवून दिला.  

तू लिहितेस, शब्द ठरवायला जागा बघावी लागेल, म्हणून यात्रेला येते. तिघंही येतो. ही ओळ तू इतर ओळींसारखीच लिहिलीस, मधेच. मी ती वाचून पुढे गेलो आणि मग मागे आलो.

मला आता नवीन काळजी लागली आहे. संयमरावांना कांदालसूण चालतो का? तुझी आई म्हणते, तिला सगळं ठाऊक आहे, दर गुरुवारी विचारते. म्हणजे तिला कळलं, की मला गुरुवार ठाऊक आहे. आता आमच्या घरात लपवायचं काही उरलं नाही. जरा सुनं सुनं वाटतं.

आण्णा


बोरी बुद्रुक
२४ मार्च २०२५

अश्विनी,

हे पत्र फक्त रस्त्याचं. पुण्याला उतरल्यावर शिवाजीनगरवरून नाशिकच्या गाडीत बसा. खिडकी डाव्या हाताची घ्या, उजवीकडे ऊन येतं. नारायणगावला गाडी थांबते, तिथे उतरू नका. आळेफाट्याला उतरा. मी सकाळी आठपासून तिथे असेन. गाडी अकराला येते हे मला माहीत आहे. तुम्ही आधीची गाडी पकडलीत तर काय, म्हणून आठ.

संस्कृतीला उन्हाची टोपी घ्या. नसली तर इथे आहे. मी दोन आणून ठेवल्यात, डोक्याचं माप माहीत नव्हतं. लहान निघाली तरी मोठी आहे.

संपतनं पाटी पांढऱ्या रंगानं रंगवून ठेवलीय. रोज तिच्यावर धूळ बसते, रोज पुसतो. तुझीच वाट आहे.

मी आळेफाट्याला उभा राहीन ती जागा 'लुकआउट' होईल ना? तू सांगितलेल्या अर्थानं बरोबर बसतं. आल्यावर सांग.

आण्णा


बोरी बुद्रुक
२७ एप्रिल २०२५

चिरंजीव अश्विनी,

बघ, लिहिलं. आता हात धजतो.

तुम्ही पोचल्याचा फोन आला तेव्हा मी गच्चीवरच होतो, पण बोलणं सगळं तुझ्या आईनं केलं. म्हणून पत्र लिहितो. फोनवर मला नीट सांगता येत नाही, आणि तुला दोन गोष्टी माहीत नाहीत.

पहिली पाटीची. तू आलीस त्याच संध्याकाळी घाटावर जाऊन सातव्या पायरीवर बसलीस, मग पहिल्या पायरीवर बसलीस, संस्कृतीला मधे बसवलंस, आणि म्हणालीस, 'ग्रँडस्टँड'. संपतनं दुसऱ्या दिवशी सकाळी तो लिहिला, लाल अक्षरात, खाली सावली देऊन. तुम्ही तेव्हा लेण्याद्रीला गेला होता. आम्ही सगळे बघत उभे राहिलो. शब्द शोभत होता. सुदर्शननं फोटो काढला.

मग संपत मागे सरकला, पाटीकडे बघितलं आणि म्हणाला, "आण्णा, आन् वरच्या वळीत मराठीत काय लिवू?"

सुदर्शननं फोन खिशात घातला.

अश्विनी, तीन महिने आम्ही इंग्रजी शब्दासाठी पोस्टाचे उंबरे झिजवले. व्ह्यू पॉइंट झाला, गॅलरी झाली, डेक झाला. मराठीत त्या जागेला काय म्हणायचं याचा एकानंही विचार केला नव्हता. वरची अर्धी पाटी कोरी. दुपारी पाहणीला परवानगीचे साहेब येणार होते.

सावळेराम म्हणाला, "लिव्ह, प्रेक्षागृह."

"गृह कुठाय? नुसता पत्रा हाय," संपत म्हणाला.

"मग प्रेक्षकांसाठी आसनव्यवस्था."

"त्येवडी अक्षरं मावत न्हाईत, कंडक्टरसाहेब. पाटी हाय, तिकिटाची वही न्हाई."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.  अंबाबाई पहिल्या पायरीवर बसली होती. सकाळीच येऊन बसली होती, जागा धरायला, शर्यत दुसऱ्या दिवशी असून. ती म्हणाली, "काल पोरगी दारात आली तवा तुमच्या तोंडातनं काय निघालं व्हतं, चांगदेवा?"

तुला आठवत असेल. आळेफाट्याला मी तुझी पिशवी घेतली आणि काही बोललो नाही. जीपमध्ये बोललो नाही. संस्कृतीला टोपी घातली, ती मोठी झाली, तरी बोललो नाही. हजार माणसांपुढे माईकवर माझी जीभ कधी अडली नाही, पण त्या दिवशी अडली. काय काय ठरवून ठेवलं होतं. माफीचं सुद्धा होतं. घराच्या उंबऱ्यात तू थांबलीस, माझ्याकडे पाहिलंस, आणि मला एवढंच जमलं, "ये. बस."

तू आत आलीस आणि बसलीस.

अंबाबाई कुंपणापलीकडून बघत होती म्हणे. "मग त्येच लिव्हा," ती म्हणाली. "आमाला तेवढं बास हाय."

संपतनं वरच्या ओळीत लिहिलं, "या, बसा." खाली 'ग्रँडस्टँड'. दुपारी साहेब आले, वाचलं, हसले आणि खरंच जाऊन बसले. शर्यतीच्या दिवशी तू विचारलंस, मराठी ओळ कुणाची, तेव्हा सुदर्शन म्हणाला, कमिटीची. ती कमिटीची नाही. ती आपल्या उंबऱ्यातली आहे.

दुसरी गोष्ट माझ्या माचीवरची. तुम्ही पायऱ्यांवर होता, तुम्हाला शर्यत दिसत होती. मी माईक घेऊन समोर फळ्यांच्या उंच माचीवर, मला तुम्ही दिसत होता. चार पायऱ्या लुगड्यांनी आणि ड्रेसांनी भरल्या होत्या. अंबाबाई प्रत्येक बारीला उभी राहायची आणि मागच्या बायका तिला पदर धरून खाली ओढायच्या. संयमराव वरच्या पायरीवर सावळेरामच्या शेजारी. सावळेराम त्यांना हातवारे करून काही समजावत होता आणि ते मान डोलवत होते. मला वाटतं त्यांना काही कळलं नसावं. संस्कृती तुझ्या मांडीवरून खाली, खालून वर. भंडारा उधळला तेव्हा तिनं तोंड उघडलं आणि पिवळं झालं.

मी माईकवर जे म्हणालो ते ठरवलेलं नव्हतं. सुदर्शननं यादी दिली होती, पाहुण्यांची नावं, देणगीदारांची नावं. मी ती खाली ठेवली आणि म्हणालो, "चांगदेवची पोरगी भोपाळवरून आलेली आहे, तिला आणि तिच्या लेकीला पुढची जागा द्यावी." तू पुढेच बसली होतीस, तरी म्हणालो. लोक हसले. या वेळी तूही हसलीस, आणि हात वर केलास. त्या बारीचे सेकंद सांगायचे माझे राहून गेले. गाडामालक अजून कुरकुरतोय. मी त्याला म्हणालो, पुढच्या वर्षी दोनदा सांगीन.

मला एक विचारायचं आहे. शर्यत बघणाऱ्यांना बघायची जी जागा असते, म्हणजे माझी माची, तिला इंग्रजीत काही शब्द आहे का? घाई नाही. पाटी लावायची नाही. नुसतं मला पाहिजे.

फेटा तू धुवायला काढला होतास तो वाळला. घडी करून ट्रंकेत ठेवलाय, वरच. आता लगेच लागेल असं काही नाही, पण संस्कृती मोठी होईल. तेव्हा मी असलो तर मांडवात असेन. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे विसरायला नको.

गच्चीवर तुझ्या आईनं दुसरी खुर्ची आणून ठेवली आहे. एक पाय हलतो, पण चालेल. गुरुवारी फोन कर. मी खालच्या पायरीवर नसेन.

हे पत्र पोचलं की कळव. पोचेलच, पण कळव.

तुझे,
आण्णा